लोड एकोणीस

लिनक्सला व्हायरस लागत नाही, हे मी मनमाडात इतक्या लोकांना ऐकवलंय की काही जण आता माझ्या स्टुडिओसमोरून जाताना पलीकडचा फुटपाथ धरतात. लग्नाचं शूटिंग ठरवायला कुणी आलं की पॅकेजचे दर सांगायच्या आधी मी ऑपरेटिंग सिस्टिम सांगतो. ‘आपल्याकडे विंडोज नाही हं, सगळं उबुंटूवर.’ समोरचा बापडा मुलीच्या लग्नाच्या काळजीत असतो. त्याला वाटतं, ड्रोन, क्रेन, तसंच हे उबुंटू म्हणून काहीतरी असणार आणि त्याचे पैसे वेगळे पडणार. ‘ते राहू द्या, साधंच करा,’ असं एका वधुपित्याने मला हात जोडून सांगितलं होतं.

या अभिमानाच्या पोटात एक जुनी जखम आहे. पूर्वी एकदा एका डिस्कने मान टाकली आणि तिच्याबरोबर एका घरची अख्खी हळद गेली. लग्न वाचलं, हळद गेली. त्या घरच्या आत्याबाई अजूनही आठवडेबाजारात मला गाठतात आणि भाजीवाल्यासमोर विचारतात, ‘काय हो, सापडली का हळद?’ भाजीवाला निरागसपणे ओली हळद पुढे करतो. तेव्हापासून मी चार-चार टेराबाइटच्या चार डिस्का एकत्र बांधून त्यांची ‘रेड फाइव्ह’ केली. चारांतली कुठलीही एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातला मजकूर पुन्हा काढता येतो. हाताशी जागा राहते बारा टेराबाइट.

आता मनमाडच्या माणसाला साठवणीचं महत्त्व शिकवावं लागत नाही. नळाला पाणी यायचं पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी. वागदर्डी धरण आटलं की त्याहून उशिरा. घराघरांत टाक्या, ड्रम, पिंपं. गावाला लागून अन्न महामंडळाची धान्याची गोदामं, पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो. अशा गावात वाढलेला मी. डिस्कवरचं काही पुसायचं म्हटलं की माझा हात थरथरतो. ज्या जोडप्यांचा घटस्फोट झाला त्यांची लग्नंसुद्धा माझ्याकडे तीन-तीन कॅमेऱ्यांतून जपून ठेवलेली होती. बारा टेराबाइट भरत भरत चौऱ्याण्णव टक्क्यांवर आले, तरी मला त्यात श्रीमंतीच दिसत होती.

जानेवारी २०२४. वर्षाच्या पहिल्याच दिवशी टँकरचालकांनी नव्या कायद्यातल्या ‘हिट अँड रन’च्या शिक्षेविरुद्ध संप केला, पानेवाडीतून टँकर बाहेर पडेनात आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. संप मिटतो न मिटतो तोच पौष लागला. पौषात लग्नं नसतात. तुळशीच्या लग्नापासून मार्गशीर्षापर्यंत जे जे शूट केलं, ते सगळं पौषात एडिट करून माघाच्या आत गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, हा आमच्या धंद्याचा शिरस्ता. मी चहाचा थर्मास भरून बसलो आणि बसल्या बसल्या कोपऱ्यात आलेल्या अपडेटच्या खिडकीला ‘हो’ म्हणून टाकलं. अपडेटला नाही म्हणायचं नसतं, हेही मी गावाला शिकवलेलं आहे. मशीन बंद झालं, चालू झालं, कर्नल ६.५ झाला. मनमाडात हा कर्नल चालवणारा आपण पहिलेच, असा विचार करून मी त्या रात्री समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी येवल्याच्या एका लग्नाच्या फायली रेडवर उतरवायला घेतल्या. सुरुवातीला सरसर गेल्या, मग पट्टी थांबली. मी चहा प्यायलो. पट्टी तिथेच. फोल्डर उघडायला गेलो तर खिडकी राखाडी पडली. एडिटिंगचं केडेनलाइव्ह उघडलं, तेही राखाडी. पडद्यावर नवरी वरमाला उंचावून उभी होती आणि नवरदेव मान खाली घालून. दोघंही जेवणाच्या वेळेपर्यंत तसेच.

अशा वेळी जाणकार माणूस टर्मिनल उघडतो. मीही उघडलं आणि ‘टॉप’ असा हुकूम सोडला. पहिल्याच ओळीत लोड ॲव्हरेज: एकोणीस पूर्णांक काहीतरी. माझ्या मशीनला चार कोअर. कोअर चार तर लोड चारपर्यंत चालतो, त्याच्या वर गेला की मशीन घाईला आलं समजायचं, एवढी विद्या माझ्याकडे होती. चौघांच्या अंगावर एकोणिसांचं काम पडलंय, बिचारे तापले असणार, असं निदान मी तिथल्या तिथे केलं. प्रोसेसरचं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात पन्नासच्या आसपास दिसत होतं. त्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. निदान इतकं सुंदर जमून आलं असताना आकडे कोण बघतो?

घरातला टेबलफॅन आणला. कॅबिनेटची बाजू उघडून तो आत वारा सोडेल असा स्टुलावर बसवला. त्या वाऱ्याने आतली धूळ जी उठली ती थेट पार्श्वभूमीच्या निळ्या पडद्यावर जाऊन बसली. मग ब्रश घेऊन आतून साफ करायला घेतलं. प्रोसेसरच्या पंख्याखाली काही बारीक दाणे दिसले. चिमटीत धरून उजेडात पाहिले तर अक्षता. कुंकू लागलेले, अर्धवट मोडलेले तांदूळ, आणि एकाला चिकटलेला झेंडूच्या पाकळीचा वाळका तुकडा. माझ्या सदऱ्यातून, कॅमेऱ्याच्या बॅगेतून, कुठकुठल्या मांडवातून त्या इथवर आल्या होत्या देव जाणे. त्या काढून देव्हाऱ्यात ठेवाव्यात की केरात टाकाव्यात, यावर बायकोशी थोडी चर्चा झाली. लोड एकवीस झाला.

‘अहो, लोड मशीनवर नाही, तुमच्या डोक्यावर आलाय,’ ती म्हणाली, ‘आणि माझा टेबलफॅन धुऊन परत ठेवा.’

यादीत सगळ्यात वर ‘केवर्कर’ नावाची एक प्रोसेस बसली होती आणि एक कोअर शंभर टक्के खात होती. तिच्या नावापुढे ‘फ्लश ९:१२७’ असं शेपूट. मी तिला ‘किल’ केलं. ढिम्म. मग उणे नऊ लावून ‘किल’ केलं. लिनक्समध्ये याच्यापुढे शस्त्र नाही. तिच्या केसालाही धक्का लागला नाही. केवर्कर हा कर्नलचा स्वतःचा धागा असतो, त्याला बाहेरून मारता येत नाही, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र मी लहान मुलासारखा ती ओळ पुन्हा पुन्हा मारत होतो. तिच्यामागे अडकलेल्या फायली कॉपी करणाऱ्या, लघुचित्रं बनवणाऱ्या प्रोसेसनाही मारून पाहिलं. त्यांच्या नावापुढे ‘डी’ हे अक्षर होतं. त्याही मरेनात. मशीन रिस्टार्ट करायला गेलो तर ते बंदच होईना. पडद्यावर काळोख, कोपऱ्यात एक गोल फिरतोय. शेवटी बटण दाबून धरून त्याचा प्राण घेतला, परत चालू केलं, फाइल सिस्टिमची सक्तीची तपासणी लावून रात्र काढली. सकाळी निकाल आला: सगळं स्वच्छ, एकही दोष नाही. फायली कॉपी करायला घेतल्या. लोड एकोणीस.

दोष सापडला असता तर बरं वाटलं असतं. दोष नाही म्हटल्यावर माझं मन सैरभैर झालं. त्यातच डिसेंबरमधली बातमी आठवली. कर्नल ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४ फाइल सिस्टिममधला मजकूर बिघडवणारी चूक निघाली आणि त्यापायी डेबियनवाल्यांनी १२.३ ही आवृत्ती ऐन वेळी रोखून दुसऱ्याच दिवशी १२.४ काढली, ती बातमी. माझी फाइल सिस्टिम ईएक्सटी४. माझा कर्नल वेगळा, माझी लक्षणं वेगळी, तो रोग वेगळा. पण भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याचा रोग फार लवकर लागतो. मला डोळ्यांसमोर आत्याबाई दिसायला लागल्या. एकट्या नव्हे, बारा टेराबाइट आत्याबाई.

मी दुकानाच्या पायरीवर येऊन पुण्याला भाच्याला फोन लावला. तो हिंजवडीत सर्व्हरवाल्यांच्या कंपनीत आहे. रस्त्यावर ट्रकांचा आवाज, म्हणून मला ओरडून बोलावं लागलं.

‘अरे, इकडे रेडमुळे सगळं अडकलंय! कालपासून रेड चालू आहे! चौऱ्याण्णव टक्के माल आत आहे माझा!’

भाचा म्हणाला, ‘मामा, मी मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करतो.’ पण समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं कुठल्याही मीटिंगमध्ये नव्हती. तासाभरात गावात झालं की फोटोवाल्याकडे इन्कम टॅक्सची धाड पडली आहे आणि चौऱ्याण्णव टक्के माल सापडलाय. ज्यांचं मी देणं लागत होतो ते एकेक करून ‘सहज’ डोकावून गेले. जे माझं देणं लागत होते त्यांचे फोन लागेनासे झाले. येवल्याच्या वधुपित्याला ही बातमी कुणी पोचवली कळलं नाही, पण त्याने फोनवर फार सौम्य आवाजात विचारलं, ‘साहेब, आमची सीडी पंचनाम्यात तर नाही ना गेली?’

संध्याकाळी गार्डसाहेब आले. ते रेल्वेतून निवृत्त झाले त्यालाही बरीच वर्षं झाली. २०२२ मध्ये रेल्वेने गार्डांना ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचं ठरवलं, तेव्हा ‘हे पदनाम मागल्या तारखेपासून लागू होतं का?’ हे विचारायला ते खास भुसावळला जाऊन आले होते. धाडीची हकिगत ऐकायला ते आले होते, ती निघाली नाही म्हणून जरा हिरमुसले, तरी स्टूल ओढून पडद्याकडे बघत बसले. मी त्यांना लोड म्हणजे काय ते समजावलं: मशीनवर कामाचा केवढा ताण आहे त्याचा आकडा.

‘एकोणीस कामं चालू आहेत?’

‘हो.’

‘मग हे बाकीचे तीन कोअर शून्य-शून्य टक्के का दाखवतायत? झोपलेत का?’

मी गप्प. गार्डसाहेब चष्मा कपाळावर घेऊन पडद्याजवळ गेले. ‘आणि हे डी, डी, डी काय आहे एवढं?’

‘ते थांबलेत. डिस्कसाठी.’

‘म्हणजे आउटरला उभे आहेत,’ गार्डसाहेब म्हणाले. ‘अहो फोटोवाले, मीटरगेज होती तेव्हापासून मी या यार्डात गाड्या काढल्या. मुंबईकडून येते, भुसावळकडून येते, अंकाईकडून दौंडची आणि औरंगाबादची येते. कंट्रोलला जर सांगितलं की मनमाडला एकोणीस गाड्या आहेत, तर तो काय समजेल? चालणाऱ्या एकोणीस, असं समजेल का? सिग्नलला उभ्या असलेल्याही त्यातच. आणि एवढ्या गाड्या उभ्या आहेत म्हणजे पुढे कुणीतरी एक लाइन अडवून बसलेला असतो. उभ्या असलेल्यांना शिव्या देऊन काय होणार? तो पुढचा कोण आहे ते बघा ना.’

लिनक्सची ही खोड खरोखरच आहे. इतर युनिक्समध्ये लोड म्हणजे प्रोसेसरसाठी रांगेत असलेली कामं. लिनक्समध्ये ऑक्टोबर १९९३ मध्ये मथियास उर्लिक्स नावाच्या माणसाने एक बदल सुचवला आणि तेव्हापासून डिस्कसाठी अडकून पडलेली, ‘डी’ अक्षराची कामंही त्या आकड्यात मोजली जातात. त्याची तक्रार रास्त होती: वेगवान डिस्क काढून संथ डिस्क लावली की कामं अडकून पडतात, मशीन रडतं, आणि लोडचा आकडा मात्र खाली येतो, हे उफराटं आहे. त्याच्यामुळे आकडा प्रामाणिक झाला, पण तो नुसता बघून प्रोसेसर तापलाय की डिस्क अडलीय हे कळेनासं झालं. तीस वर्षांनी त्याच गफलतीपायी मनमाडात एक टेबलफॅन धुवावा लागला.

भाचा आला फोनवर, रात्री जेवण झाल्यावर. तोवर मी ‘पुढचा कोण’ हे शोधून ठेवलं होतं, म्हणजे कालपासून ज्याला मारत होतो तोच तो केवर्कर. ‘फ्लश ९:१२७’ म्हणजे माझी रेडच. तिचं मशीनमधलं नाव एमडी१२७. मेमरीत साठलेलं डिस्कवर उतरवणं हे त्याचं काम. तो एक कोअर शंभर टक्के जाळत होता आणि डिस्कवर जवळजवळ काहीच उतरत नव्हतं.

‘मामा, तो करतोय काय ते बघू,’ म्हणत भाच्याने पुण्यातूनच माझ्या मशीनमध्ये शिरून ‘पर्फ’ लावलं. कर्नल आपला वेळ नेमक्या कुठल्या फंक्शनमध्ये घालवतोय ते पर्फ दाखवतं. वर एकच नाव उसळ्या मारत होतं. त्याच्या शेवटी ‘स्कॅन अलाइन्ड’ असं होतं. भाचा क्षणभर थांबला.

‘मामा, माउंटच्या ओळीत स्ट्राइप किती दिसतंय?’

‘तीनशे चौऱ्याऐंशी.’

‘आणि डिस्क किती भरलीय?’

मी जरा घसा साफ केला. ‘चौऱ्याण्णव टक्के.’

पलीकडून जो आवाज आला त्याला भाच्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, हसण्याची साथ होती. फोन स्पीकरवर होता.

प्रकार असा होता. माझ्या रेडमध्ये तीन डिस्कांवर पाचशे बारा-पाचशे बारा किलोबाइटचे तुकडे आणि चौथीवर त्यांचा पडताळा, असं एक पूर्ण माप बसतं. तीन तुकडे म्हणजे दीड मेगाबाइट, चार किलोबाइटच्या ब्लॉकमध्ये मोजले तर तीनशे चौऱ्याऐंशी. फाइल सिस्टिम बनवताना ईएक्सटी४ हा आकडा स्वतःच टिपून ठेवते आणि मोठी फाइल आली की बरोबर त्या मापाच्या हद्दीवर सुरू होणारी सलग जागा शोधते. तशी मिळाली तर पडताळा काढायला डिस्कवरचा जुना मजकूर वाचावा लागत नाही. शोधणं चांगलंच आहे. पण डिस्क काठोकाठ भरलेली, मोकळी जागा चिंध्या-चिंध्यांनी पसरलेली. ईएक्सटी४ आपली डिस्क एकशे अठ्ठावीस मेगाबाइटच्या गटांत वाटते. बारा टेराबाइटचे गट होतात नव्वद हजारांच्या आसपास. जागा वाटण्याची पद्धत ६.५ मध्ये बदलली होती. गटात जागा पुरेशी आहे पण हद्दीवर बसत नाही, असं दिसलं की तिथलीच दुसरी जागा घ्यायची सोडून केवर्कर पुढच्या गटात जायचा, तिथून पुढच्या. दर वेळी नव्याने. मागे माझी येवल्याची नवरी वरमाला घेऊन उभी.

‘मग आता? फॉरमॅट?’ मी विचारलं. माझा आवाज बसला होता.

‘एक ओळ टाका. माउंट, रिमाउंट, स्ट्राइप बरोबर शून्य. त्याला सांगायचं, हद्दीचा हट्ट सोड, मिळेल तिथे लिही. लिहिणं कागदावर किंचित मंदावेल, तुम्हाला कळणारही नाही.’

मी ओळ टाकली. एंटर दाबलं. ती ओळसुद्धा अडकून बसली. गार्डसाहेबांनी घड्याळ काढलं. बायको दारात येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने कर्सर खालच्या ओळीवर आला आणि चारही डिस्कांचे दिवे एकदम लुकलुकायला लागले. पण लोड? लोड एकोणीसच!

‘गेलं रे, काही उपयोग नाही!’ मी ओरडलो.

‘मामा, ते ॲव्हरेज आहे! हळूहळू उतरणार!’

पहिला आकडा एका मिनिटाचा असला तरी रांग मोकळी झाल्यावर तो मिनिटभरात तिसऱ्या हिश्शाच्या जरा वरच येतो. पाच आणि पंधरा मिनिटांचे त्याहून रेंगाळतात. ते तिन्ही आकडे उतरत असताना आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, गार्डसाहेब आणि फोनवरची बहीण, त्यांचा हिशेब पुकारत होतो. ‘डी’ अक्षरं एकेक करून गेली. वरमाला पडली. नवरदेवाने मान वर केली. गार्डसाहेबांनी हात वर करून हिरवा कंदील दाखवल्याचा अभिनय केला आणि चहा मागितला.

माझ्यावर काही खास कोप नव्हता. रेडवर ईएक्सटी४ आणि ६.५ असा योग जगात अनेकांच्या नशिबी आला होता आणि त्यांचेही कोअर असेच जळत होते. त्यावरची दुरुस्ती आयबीएमच्या ओजस्विन मुजू यांनी लिहिली: हद्दीवर जागा नाही मिळाली, तर त्याच गटात जशी मिळेल तशी जागा घ्यायची. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ६.८ कर्नलमध्ये ती आहे. शिवाय मशीन सुरू होतानाच्या यादीतून मागचा कर्नल निवडला असता तरी भागलं असतं, तो तिथेच होता. हे भाच्याने मला सगळं झाल्यावर सांगितलं, आणि तेही बहिणीच्या देखत.

येवल्याचा व्हिडिओ माघ लागायच्या आत पोचला. धाडीच्या अफवेने मात्र माझं नुकसान न होता उलट वजन वाढलं. इन्कम टॅक्सवाले ज्याच्याकडे येतात त्याचा धंदा केवढा असेल, या हिशेबाने बँकेत मला खुर्ची मिळू लागली आणि त्या वर्षीच्या वैशाखात कुणी दर पाडून मागितले नाहीत. मी खुलासा केला नाही. घटस्फोटितांची लग्नं पुसून डिस्क ऐंशी टक्क्यांवर आणली आहे. एक जोडपं त्यानंतर पुन्हा एकत्र आलं आणि व्हिडिओ मागायला आलं, पण तो विषय वेगळा.

तेव्हा माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती आहे. रेडवर ईएक्सटी४ असेल, कर्नल ६.५ किंवा त्याच्या पुढचा पण ६.८ च्या अलीकडचा असेल आणि लोड चढून बाकीचे कोअर रिकामे दिसत असतील, तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. आधी माउंटच्या ओळीत स्ट्राइपचा आकडा बघा, तो शून्य करा, आणि पंधरा मिनिटं थांबा. आणि फोनवर बोलायचंच असेल तर दुकानाच्या आत बोला.